‘रुग्णाची इच्छा’ नावाचा रकाना

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या रुग्णालयाचे अधीक्षक, माननीय डॉक्टरसाहेब. व्यासपीठावर विराजमान असलेले व्यवस्थापन समितीचे सन्माननीय सदस्य. आज ज्या निवृत्त होत आहेत त्या वाचा-उपचारतज्ज्ञ, तळमजल्यावरच्या अकरा नंबरच्या खोलीतल्या आपल्या सगळ्यांच्या बाई. आणि समोर बसलेल्या...

आता इथे ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ म्हणायची रीत आहे. चाळीस वर्षं कामगार संघटनेच्या सभांतून मी तसं म्हणत आलो. पण आज तेवढ्याने भागणार नाही. मी तुम्हाला तुमच्या खऱ्या ओळखीने हाक मारतो. ज्यांची वाक्यं आयुष्यभर दुसऱ्यांनी पुरी करून टाकली, अशा माणसांनो! तुम्हाला चहात साखर चालते का, हे तुम्हाला सोडून तुमच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या माणसाला विचारलं जातं. “यांना साखर चालते का हो?” तुम्ही समोर बसलेले असता. जीभ तुमची, चहा तुमचा, साखर तुमची, आणि प्रश्न मागच्याला! बिघाड बोलण्यात असतो, पण लोक तुमच्या कानाशी येऊन ओरडतात. पन्नाशीच्या माणसाला “जेवलं का बाळ?” म्हणून गालाला हात लावतात. दुकानात, बँकेत, तपासणीच्या रांगेत तुमचा शब्द ओठांपर्यंत आलेला असतो, आणि तेवढ्यात मागचा म्हणतो, “आटपा हो लवकर.” की तो शब्द गेला. पुन्हा शोधायला निघा.

हे दुःख तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून मला त्याचं वर्णन करत बसायचं नाही. मला त्याचा राग आला आहे, आणि तो राग मी आज इथे घेऊन आलो आहे. निरोपाच्या कार्यक्रमात रागावू नये असा संकेत आहे, मला माहीत आहे. पण बाईंना निरोप द्यायचा आणि त्यांच्या कामाला मूठमाती द्यायची, ही दोन्ही कार्यं एकाच मांडवात उरकायची ठरवलीत तर मी फुलं उधळत बसू का?

मघाशी अध्यक्षांच्या हस्ते बाईंना मानचिन्ह देण्यात आलं. टाळ्या मीही वाजवल्या. मग ते जवळून पाहिलं. त्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलंय, ‘मुक्यांची वाचा’. हे कोणी लिहिलं मला माहीत नाही, आणि ज्याने लिहिलं त्याने मनापासूनच लिहिलं असणार. पण बाईंच्या चेहऱ्याकडे तुमचं लक्ष होतं का? लिंबू चावल्यासारखा झाला होता. कारण बाई तीस वर्षं एकच गोष्ट सांगत आल्या. ही माणसं मुकी नाहीत. त्यांचं म्हणणं त्यांच्यापाशी आहे. ते बाहेर यायची वाट अवघड आहे, एवढंच. आणि ती वाट मोकळी करून देणं हे माझं काम, त्यांच्या जागी बोलणं हे माझं काम नव्हे.

हा फरक बारीक वाटतो ना? मलाही वाटायचा. त्या बारीक फरकापायी माझ्या हातून काय घडलं, ते आज सांगणार आहे. ज्याच्याबाबत घडलं तो माझा थोरला भाऊ, आमचा दादा, तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसला आहे. ही हकीकत सांगायला त्याची परवानगी आहे. बाईंनी त्याला सुलट विचारून घेतलं, उलट विचारून घेतलं. उलट आणि सुलट म्हणजे काय, ते पुढे येईलच.

दादा पुस्तकबांधणीचं काम करतो. बाजारामागच्या गल्लीत त्याची खोली आहे, खाली कारखाना आणि वर राहायची जागा. छापून आलेले फर्मे घडी करून जुळवायचे, शिवायचे, खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा आणि शेवटी कापायच्या यंत्रावर तिन्ही कडा साफ करायच्या. तो पुस्तकं शिवायचा आणि मी ती वाचायचो. बांधणीला आलेलं एकही पुस्तक मी सोडलं नाही. माझी सगळी विद्वत्ता त्याच्या कारखान्यातली आहे. दादा कमी बोलायचा. म्हणायचा, “तू आहेस की घराण्यात बोलायला. दोघं बोललो तर ऐकणार कोण?”

चार वर्षांपूर्वी एका दुपारी काम करता करता तो पडला. मेंदूत रक्ताची गाठ. उजवा हात गेला, उजवा पाय लंगडा झाला, आणि बोलणं गेलं. डॉक्टर त्याला वाचाघात म्हणतात. डोकं शाबूत असतं, माणसं ओळखता येतात, मनात म्हणणं तयार असतं, पण शब्द हाताशी येत नाही. समोरचा भराभर बोलला तर त्याचंही निम्मंच पोचतं. दादाकडे एकच शब्द उरला. “हो.” भूक लागली का? हो. दुखतंय का? हो. झोपायचं का? हो, हो.

आमची वहिनी आधीच गेलेली, मूलबाळ नाही. म्हणजे नातेवाईक म्हणून मी. तीन आठवड्यांनी याच रुग्णालयात, दुसऱ्या वॉर्डात, घरी सोडायचा कागद भरायला डॉक्टर आले. त्या कागदावर एक रकाना असतो, ‘रुग्णाची इच्छा’. डॉक्टर घाईत होते. मागे बारा खाटा बाकी होत्या, त्यांना मी दोष देत नाही. मी मात्र घाईत नव्हतो. मी सगळं ठरवून आलो होतो. गावाबाहेर एक संस्था आहे, तिथे नर्स आहे, बाग आहे, वेळेवर जेवण आहे. एकटा माणूस, एक हात गेलेला, जिना चढता येत नाही. दुसरा काय मार्ग होता? मी खाटेवर बसलो, त्याचा हात हातात घेतला आणि विचारलं, “दादा, तिथे छान आहे रे. राहशील ना तिथे?”

दादा म्हणाला, “हो.”

“बघा,” मी डॉक्टरांना म्हणालो, “हो म्हणतोय. लिहा.”

डॉक्टरांनी लिहिलं. रुग्णाची इच्छा: संस्थेत राहणे. चार मिनिटांत काम झालं. मी घरी गेलो आणि आमच्या हिला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “त्यांना विचारलंत का?”

“विचारलं की! हो म्हणाला.”

“तुमच्या सभेत ठरावाला हात वर करतात ना माणसं,” ती म्हणाली, “तसलं ‘हो’ दिसतंय.”

मी चिडलो. तुमच्यापैकी जे नवरे आहेत त्यांना ठाऊक आहे, बायकोचं बरोबर असलं की माणूस जास्त चिडतो. आणि चिडीच्या भरात माणूस कामाला लागतो, तसा मी लागलो. दुसऱ्याच दिवशी कारखाना आवरायला घेतला. ते कापायचं यंत्र होतं ना, ओतीव लोखंडाचं, मोठ्या चाकाचं, दादाने तिशीत असताना घेतलेलं, ते मी ओळखीच्या एका छापखानेवाल्याला देऊन टाकलं. म्हटलं, गंजत कशाला ठेवायचं? चार बोल्ट सोडवले, चौघांनी उचललं, टेम्पोत चढवलं. दादाला सांगितलं नाही. कशाला त्याला त्रास?

संस्थेत जायला आठ दिवस होते. मधल्या काळात बाई रोज दादाला अकरा नंबरच्या खोलीत नेत होत्या. तुम्ही सगळ्यांनी ती खोली पाहिली आहे. एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर काही नाही. घड्याळसुद्धा नाही! मी विचारलं होतं, “बाई, इथे घड्याळ का नाही?” तर म्हणाल्या, “इथे शब्द शोधतात. शोधणाऱ्यासमोर काटा फिरवत ठेवायचा नसतो.”

तर पाचव्या दिवशी मी त्या कागदाची प्रत घेऊन मोठ्या तोऱ्यात त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तो रकाना वाचला. विचारलं, “ही इच्छा कोणाची?”

“रुग्णाची. लिहिलंय की.”

“कळली कशी?”

“मी विचारलं, तो हो म्हणाला.”

बाईंनी मला खुर्ची दिली. दादाच्या शेजारी नव्हे, त्याच्या मागे, भिंतीला टेकून. मी म्हटलं, “इथून मला त्याचा चेहरा दिसत नाही.” बाई म्हणाल्या, “बरोबर. त्यांनाही तुमचा दिसायला नको. उत्तर द्यायच्या आधी ते तुमच्या तोंडाकडे बघतात. तुम्हाला काय हवंय ते तिथे मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं.”

मग त्यांनी मला पाण्याचा पेला दिला. “एक घोट घ्या,” म्हणाल्या. मी घेतला. “आता गिळू नका. मी सांगेपर्यंत तोंडात धरा.”

मंडळी, मूग गिळून गप्प बसणं ऐकून होतो. पाणी न गिळता गप्प बसणं त्या दिवशी शिकलो! ज्या माणसाने कारखान्याच्या फाटकावर तीन-तीन तास भाषणं ठोकली, तो गाल फुगवून भिंतीशी बसला होता. हसू नका. हसा, हसा. तेव्हा दारातून डोकावून सिस्टरही हसल्या होत्या. बाई सगळ्याच नातेवाइकांना पाणी देत नाहीत, हे मला नंतर कळलं. वाचाळ असतील त्यांनाच देतात.

बाईंनी सुरुवात केली. “तुम्ही पुरुष आहात?” हो. “तुम्ही बाई आहात?” हो. “आपण आत्ता दवाखान्यात आहोत?” हो. “आपण आत्ता आगगाडीत आहोत?” हो. मग माझ्याकडे बोट दाखवून, “हे गाढव आहेत?” दादा म्हणाला, “हो.” बाई म्हणाल्या, “या एका उत्तराबद्दल मी मत राखून ठेवते.”

मग माझ्याकडे वळल्या आणि अगदी शांतपणे विचारलं, “तर मग वॉर्डातलं ते ‘हो’ तुम्ही कशावरून खरं धरलंत?”

हेच ते उलट आणि सुलट विचारणं. प्रश्न एका बाजूने विचारायचा, काही वेळाने दुसऱ्या बाजूने विचारायचा. दोन्हींना ‘हो’ आलं तर ते उत्तर नव्हे. तो नुसता आवाज आहे. किती साधं आहे! एवढं साधं असून आम्हा सगळ्या शहाण्यांना का सुचलं नाही? कारण आम्हाला हवं ते उत्तर मिळालं होतं. हवं ते उत्तर मिळाल्यावर दुसऱ्यांदा कोण विचारतो?

पुढे बाईंनी टेबलावर एक कापड पसरलं. त्यावर तीन खण होते. एका टोकाला ‘बरं’, दुसऱ्या टोकाला ‘नको’ आणि मध्ये ‘नक्की नाही’. आणि एका पाकिटातून फोटो काढले. संस्थेचं वॉर्डातून त्यांच्या कानावर आलं होतं, आणि आदल्या रविवारी, सुटीच्या दिवशी, या बाई स्वतः त्या संस्थेत जाऊन आल्या होत्या. खाट, जेवणाची खोली, बाग, फाटक, सगळ्याचे फोटो. आणि दादाच्या गल्लीतही गेल्या होत्या. शेजारणीकडून किल्ली मागून जिना, मोरी, वरची खोली, खालचा कारखाना, सगळं टिपून आणलं होतं. हे काम कुठल्या नियमात बसतं, समितीने मला दाखवावं.

एकेक फोटो दादापुढे. त्याने तो डाव्या हाताने उचलून खणात ठेवायचा. बाई बोलत नव्हत्या. फोटो ठेवला की त्या थांबायच्या. किती थांबायच्या! मला वाटायचं, आता तरी पुढे चला. संस्थेतली खाट, ‘नको’. बाग, बराच वेळ हातात धरून, ‘नक्की नाही’. फाटक, ‘नको’, आणि तो असा आपटून की टेबल हललं. नर्स, ‘बरं’. मी मनात म्हटलं, झालं, याला आपल्या घरी राहायचंय. तर घरचा जिना, ‘नको’! वरची खोली, ‘नको’! मी गोंधळलो. मग खालच्या कारखान्याच्या मागच्या भिंतीचा फोटो आला. तिथे कागदाचे गठ्ठे असायचे. दादाने तो उचलला, ‘नको’ मधला खाटेचा फोटो परत उचलला, आणि दोन्ही एकावर एक ‘बरं’ मध्ये ठेवले. त्यावर नर्सचा फोटो ठेवला.

कळलं तुम्हाला? खाट खाली, कारखान्यात, गठ्ठ्यांच्या जागी. आणि नर्स येऊन-जाऊन. हा मार्ग डॉक्टरांना सुचला नव्हता, मला सुचला नव्हता. ज्याच्या तोंडात एकच शब्द उरला होता, त्याला सुचला होता!

मग बाईंनी माझा फोटो ठेवला. हो, माझाही आणला होता. माझ्याच एका सभेचा, हात वर केलेला. दादाने तो घेतला, पुष्कळ वेळ पाहिला, ‘बरं’ कडे नेला, परत आणला, आणि मधल्या खणात ठेवला. ‘नक्की नाही’. सख्खा भाऊ! त्याचं सगळं मी करत होतो! मला ओरडायचं होतं, आणि तोंडात पाणी होतं.

शेवटचा फोटो कारखान्याच्या मधल्या जागेचा होता. बाईंना त्याचं विशेष काही वाटलं नव्हतं. त्यांनी जागेचा म्हणून काढला होता. दादा त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने डाव्या हाताचं बोट फोटोतल्या जमिनीवर ठेवलं. फरशीत चार भोकं दिसत होती, बोल्टची. एका भोकावर बोट, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, चौथ्यावर. मग तो वळला. खुर्ची माझ्याकडे पाठ करून ठेवलेली, अर्धं अंग लुळं, तरी सगळा वळला आणि माझ्याकडे पाहिलं.

एरवी त्या नजरेला मी शब्दांत उत्तर दिलं असतं. ‘दादा, तुझ्या भल्यासाठी केलं’ या विषयावर मी अर्धा तास बोललो असतो, आणि त्याला निरुत्तर केलं असतं. त्यात मोठेपणा काय? समोरच्याकडे उत्तर नव्हतंच. पाण्यामुळे मला तेवढं करता आलं नाही. मला फक्त त्याच्याकडे पाहावं लागलं.

यंत्र परत मिळालं नाही. मी त्याच दुपारी गेलो, पण छापखानेवाल्याने ते सुटं करून पाती एकीकडे आणि चाक दुसरीकडे देऊन टाकलं होतं. खाट मात्र खाली लागली. नर्स येते. दादा डाव्या हाताने शिवतो. एक पुस्तक आठ दिवस घेतं. कापायला यंत्र नाही म्हणून त्याच्या हातच्या पुस्तकांच्या कडा तशाच राहतात, खालीवर. माझ्या कपाटात अशी नऊ आहेत. पाहुणे विचारतात, “ही कडा अशी का?” मी खरं कारण सांगतो.

आणि मग बाईंनी त्याला दुसरा शब्द शिकवायला घेतला. चार महिने! आठवड्यातून तीन दिवस, चार महिने, एका शब्दासाठी. तो शब्द ‘नाही’. मी म्हटलं, “बाई, आधी ‘पाणी’ शिकवा, ‘जेवण’ शिकवा, माझं नाव शिकवा.” त्या म्हणाल्या, “पाणी बोटाने दाखवता येतं. ‘नाही’ म्हणता येत नाही, तोवर यांच्या ‘हो’ ला काही किंमत नाही.” मी जगातली किती तरी पुस्तकं वाचली, माणसाच्या हक्कांवर शेकडो भाषणं दिली. हक्काची याहून नेटकी व्याख्या मला कुठे आढळली नाही.

दादा, मी तुझं यंत्र दिलं ते बरोबर केलं का रे?

ऐकलंत? मागे ऐकू आलं का? ‘नाही’ म्हणाला. भर सभेत भावाला तोंडावर ‘नाही’ म्हणाला. वाजवा टाळ्या, माझी काही हरकत नाही!

आता अध्यक्षमहाराज, मी आपल्याकडे वळतो. आपल्या सहीचं एक पत्र गेल्या आठवड्यात निघालं. ते माझ्या खिशात आहे. मी वाचतो. “सदर पद विद्यमान पदधारकाच्या सेवानिवृत्तीच्या दिनांकापासून व्यपगत समजण्यात यावे. रुग्णांशी संवादाचे काम यापुढे रुग्णाचे नातेवाईक, तसेच मोबाइलवरील उपलब्ध सुविधा, यांच्या साहाय्याने करण्यात यावे.” व्यपगत! म्हणजे पदच रद्द! मला तीन वेळा वाचावं लागलं, आणि मी या भाषेवर जगलेला माणूस. ज्यांचे शब्द हरवले त्यांच्याबद्दलचा निर्णय, आणि तो ज्याला शब्द सापडतात त्यालाही कळू नये अशा भाषेत!

‘रुग्णाचे नातेवाईक.’ साहेब, तो नातेवाईक मी आहे. आपल्या पत्रात ज्याच्यावर भरवसा टाकला आहे, तो हा असा आहे. मी भावावर प्रेम करतो. मी वाईट माणूस नाही, निदान आमची ही तसं चारचौघांत म्हणत नाही. आणि तरीही मी त्याला त्याच्याच तोंडून घराबाहेर काढला होता, आपल्याच रुग्णालयाच्या कागदावर, आपल्याच शिक्क्यानिशी. मायेचा माणूस दुभाषा झाला की तो स्वतःचंच म्हणणं सांगतो. त्याला ते कळतही नाही. म्हणूनच तर ज्याला त्या घरातलं काही घ्यायचं-द्यायचं नाही, आणि थांबायचं कसं हे जो शिकला आहे, असा माणूस लागतो. शिकून, सराव करून, पगार घेऊन काम करणारा माणूस. ही दया नव्हे साहेब, हे कसब आहे. शस्त्रक्रिया नातेवाइकांकडून करून घ्या, असं पत्र आपण काढाल का?

आणि मोबाइल. दुसऱ्या रांगेत एक मुलगी बसली आहे, सोळा वर्षांची, जन्मापासून बोलता येत नाही. तिच्या मांडीवर जे यंत्र आहे त्यावरची चित्रं दाबली की ते बोलतं. उत्तम यंत्र आहे. घेतलं तेव्हा त्यात काय होतं? पाणी, भूक, शी, शू, ‘मला बरं वाटत नाही’ आणि ‘धन्यवाद’. सोळा वर्षांच्या मुलीला दिवसभर एवढंच म्हणायचं असतं का? बाईंनी तिच्याबरोबर महिनाभर बसून, तिच्याच नजरेच्या खुणांवरून, तिला हवे असलेले शब्द त्यात घातले. पहिल्या दिवशी तिने घरी जाऊन पहिलं बटण दाबलं, “आई, जरा गप्प बस ना!” तिची आई इथे आहे, विचारा. रडली होती. आणि दुसरं बटण होतं, “शाळेच्या गाडीतला माणूस मला चिमटे काढतो.” दोन वर्षं काढत होता. हे वाक्य कुठल्या मोबाइलमध्ये तयार मिळतं, साहेब? यंत्र बोलेल. पण त्यात काय भरायचं हे शोधून काढायला बाई लागल्या.

तुमच्या या रुग्ण संघटनेने मला सांगितलं, आमच्या वतीने बोला. मी नकार दिला. दुसऱ्यांच्या वतीने बोलणं हा माझा जन्माचा धंदा, पण या एका बाबतीत मी हात पोळून घेतला आहे. मी आज फक्त एका नातेवाइकाच्या वतीने, माझ्या वतीने बोललो. तुमचं म्हणणं तुमच्यापाशी आहे.

आणि ते ऐकून घेणं समितीला भाग आहे. नियम वाचायची मला जुनी खोड. नोंदणी खिडकीच्या डाव्या अंगाला, पंख्याच्या बटणांखाली, कोणाला दिसू नये अशा बेताने एक सूचना चिकटवली आहे. पद रद्द करण्याबाबत ज्यांची हरकत असेल त्यांची सुनावणी येत्या सोमवारी. “प्रत्येक हरकतदाराचे म्हणणे प्रत्यक्ष व पूर्णपणे ऐकून घेतले जाईल. प्रतिनिधीस बोलता येणार नाही. हरकतदारास साहाय्यक सोबत ठेवता येईल.” प्रतिनिधी नको, ही अट माझ्यासारख्या बडबड्यांना बाहेर ठेवायला घातली आहे, हे मी ओळखून आहे. घाला! फार उत्तम केलंत! मी बाहेर बाकावर बसेन. पण आत जो येईल त्याचं म्हणणं पूर्णपणे ऐकावं लागेल. एकाला एक वाक्य जुळवायला वीस मिनिटं लागतात, दुसरीला चाळीस. या संघटनेत एकतीस माणसं आहेत. समितीचे सन्माननीय सदस्य हिशोब करताना दिसताहेत. करा. मंगळवारचीही कामं पुढे ढकलून ठेवा.

साहाय्यक म्हणून कोण? काल मी बाईंना विचारलं, “सोमवारी याल का? तेव्हा तुम्ही नोकरीत नसाल, तुम्हाला कोणी थांबवू शकणार नाही.” म्हणाल्या, “येईन. पण मी काही बोलणार नाही.” मी विचारलं, “मग काय करणार?” म्हणाल्या, “समिती मध्ये बोलणार नाही, एवढं बघेन.”

बाई, तुमच्याबद्दल गोड शब्द बोलायचे राहूनच गेले. तुम्हाला ते आवडलेही नसते. तुम्ही दमलेल्या आहात, आता स्वस्थ बसा असं मी म्हणायला हवं. म्हणत नाही. तुमच्या जागी शिकलेला माणूस नेमला जाईपर्यंत तुम्हाला निरोप द्यायला मी तयार नाही.

मला दहा मिनिटं दिली होती. अध्यक्षांनी घंटेला हात लावला नाही, हा त्यांचा मोठेपणा. त्यांच्याच सभेत त्यांच्यावर तोफ डागली, त्यात वैयक्तिक कडवटपणा काही आला असेल तर तो माझ्या जिभेचा दोष समजून पोटात घालावा. आयोजकांचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे, मला सहन करणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे आभार. कमी-जास्त बोललो असेन तर क्षमा करा.

आणि सोमवारी सकाळी दहाला, दुसऱ्या मजल्यावर, समितीच्या खोलीत या. लिफ्ट चालू आहे, मी दुपारी जाऊन-येऊन पाहिलं. औषधं आणि डबा बरोबर ठेवा, दिवस मोठा जाईल. बोलून या, लिहून या, चित्रं घेऊन या, यंत्र घेऊन या, एकच शब्द येत असेल तर तो घेऊन या. पण आपलं म्हणणं सांगायला दुसऱ्या कुणाला पाठवू नका. स्वतः या.